कॅटवूमन पडद्यावर, 1966 ते 2022: कापड, चाबूक आणि चोरी

टाकेटिपे

कॅटवूमनचा, म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टींतल्या मांजरवेशातल्या चोर बाईचा, विषय निघाला की गाडी "फायफर भारी की हॅथवे" (तिचं काम केलेल्या दोन नट्या) इथेच अडते आणि शंभर प्रतिसाद त्यातच खपतात. या धाग्यात जरा दुसऱ्या अंगाने बोलू. माझा मुद्दा साधा आहे. दर वेळी तिचा पोशाख कशाचा होता, यावर ती कशी चालणार, कशी लढणार आणि कॅमेरा तिच्यापासून किती लांब राहणार हे ठरत गेलं. दिग्दर्शकाची दृष्टी वगैरे त्यानंतर.

सुरुवात 1966 च्या 'बॅटमॅन'पासून. टीव्ही मालिकेचा पहिला सीझन संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या काळात हा चित्रपट उरकला. मालिकेतली कॅटवूमन ज्युली न्यूमार दुसऱ्या कामात अडकलेली, म्हणून 1955 ची मिस अमेरिका ली मेरीवेदर आली. पोशाख न्यूमारच्याच घाटाचा: काळा, लुरेक्सचा. लुरेक्स म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांचा धागा, तो विणीत घातलेला. विणलेलं कापड असल्यामुळे ते ताणलं जातं, हवा खेळते, बसता-उठता येतं. शिवाय अंग वळलं की चकाकी एका पट्ट्यात न येता बारीक ठिणग्यांसारखी विखुरते, त्यामुळे टीव्हीच्या सपाट, भरपूर उजेडातही अंगाचा आकार हरवत नाही. न्यूमारने त्यात एकच बदल करून घेतला होता: कमरेचा पट्टा खाली, नितंबांवर आणला. तेवढ्याने सगळी चाल बदलली. मेरीवेदर चित्रपटभर पाय दुमडून बसते, सोफ्यावर लोळते, हात चाटते, ते त्या कापडामुळेच जमतं.

रीळवाला

मेरीवेदरला लोक 'मधली' म्हणून सोडून देतात, ते अन्यायाचं आहे. तिला एकाच चित्रपटात दोन माणसं करायची होती. मुखवट्यात खलनायिका, आणि मुखवट्याबाहेर मॉस्कोच्या वर्तमानपत्राची बातमीदार 'मिस किटका'. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याबाहेरचा बॅटमॅन, या किटकाच्या खरोखर प्रेमात पडतो, आणि शेवटी पाणबुडीवर तिचा मुखवटा निघतो तेव्हा ब्रूसचं काम करणाऱ्या अ‍ॅडम वेस्टच्या चेहऱ्यावरून सगळी थट्टा क्षणभर उतरते. ओळख उघडी पडली आणि जीव तुटला, हा प्रसंग पुढे 1992 च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये नाचाच्या दृश्यात पुन्हा येतो. त्याचं मूळ इथे आहे.

तिसऱ्या सीझनला न्यूमार 'मॅकेन्नाज गोल्ड'च्या चित्रीकरणात होती (आपल्याकडे थिएटरं भरभरून चाललेला तोच), म्हणून अर्था किट आली. ती चित्रपटात नाही, पण तिला वगळून हा धागा पुढे जाऊच शकत नाही. न्यूमारच्या वेळी बॅटमॅनशी चालणारी लाडीगोडी किटच्या वेळी पटकथेतून काढून टाकली, कारण ती कृष्णवर्णीय होती. आंतरवंशीय विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 1967 मध्ये उठवली, आणि तिचे भाग आले ते त्यानंतर लगेचच्या सीझनला. प्रेम काढलं, उरला निव्वळ दरारा. किटने तो 'र'काराची घरघर काढत असा वापरला की आजही कॅटवूमनचा आवाज म्हटलं की तोच कानात येतो. जानेवारी 1968 मध्ये व्हाइट हाउसच्या जेवणात तिने राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीसमोर व्हिएतनाम युद्धावर तोंडावर टीका केली आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत तिला काम मिळणं अवघड झालं.

काळा_बोका

कॉमिक्सची बाजू थोडक्यात टाकतो, पुढे संदर्भ लागेल. 1940 च्या वसंतात 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात ती आली ती नुसती 'द कॅट' म्हणून. ना मुखवटा, ना शेपूट. जहाजावर म्हातारीच्या वेशात दागिने मारणारी चोर. बॅटमॅन तिला पकडतो आणि मुद्दाम निसटू देतो. म्हणजे 'सोडून देणं' हे पहिल्या अंकापासूनचं आहे. 1954 मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली आणि ती 1966 पर्यंत अंकांमधून गायबच झाली, परत आली ती टीव्हीच्या जोरावर. 1987 च्या 'इयर वन' या कॉमिकने तिला गल्लीतली केली. 2001-02 च्या सुमारास चित्रकार डार्विन कुकने तिला गॉगल, चेनचा काळा सूट आणि सपाट तळाचे बूट दिले. जांभळा रंग, मोकळे केस, झगा सगळं गेलं. पडद्यावरच्या पुढच्या दोन्ही सेलिना (कॅटवूमनचं खरं नाव सेलिना काइल) या कुकच्या चित्रावर उभ्या आहेत.

(मराठीत आपल्याला इंद्रजालमुळे वेताळ आणि मँड्रेक मिळाले, ही बाई पडद्यावरूनच आली. म्हणून चर्चाही पडद्याचीच होते.)

टाकेटिपे

आता 'बॅटमॅन रिटर्न्स', 1992. भूमिका आधी अ‍ॅनेट बेनिंगला गेली होती, ती गरोदर राहिली, मग मिशेल फायफर आली.

वेशभूषाकार बॉब रिंगवुड आणि मेरी व्होग्ट यांनी लेटेक्स घेतलं. फायफरच्या अंगाचा साचा काढला आणि त्यावर पोशाख बेतले. लेटेक्स कोरडं असलं की राखाडी, मेणचट दिसतं. पडद्यावर दिसणारी ती ओली चकाकी वरून द्रवरूप सिलिकॉन फासून आणलेली आहे, आणि ती दर थोड्या वेळाने वाळते, धूळ धरते, पुन्हा फासावी लागते. आत शिरायचं तर अंगाला पावडर लागते, नाहीतर लेटेक्स कातडीला चिकटून पुढे सरकतच नाही. आणि एकदा आत गेलं की घामाला वाट नाही. दिव्यांखाली तासभर उभं राहिलं तर आत पाणी, आणि दोन शॉटच्या मध्ये थंडगार. सेट वातानुकूलित ठेवून मुद्दाम थंड केलेले होते, तेही चित्रपटातल्या खऱ्या पेंग्विन पक्ष्यांसाठी.

साधारण साठ पोशाख बनले, प्रत्येकी हजार डॉलरच्या आसपास. लोक याला उधळपट्टी म्हणतात, पण हिशेब बघा. मांजरीला नऊ जीव असतात या समजुतीवर ती कथेत एकेक जीव गमावत जाते तसा पोशाख फाटत जातो. म्हणजे फाटण्याच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा संच, त्यात नायिकेचे वेगळे, स्टंटवाल्यांचे वेगळे, शिवाय चित्रीकरणात खरोखर फाटणारे वेगळे.

नवशिका_भोपळा

पण ती तर घरी बसून शिवते ना? मग लेटेक्सला टाके घातले तर काय होतं?

टाकेटिपे

सगळी गंमत इथेच आहे. ती कपाटातून काळा चकचकीत रेनकोट काढते, तो व्हायनिल. व्हायनिल मशीनवर शिवता येतं, टाके लांब घेतले तर. पुढच्या दृश्यात अंगावर आहे ते लेटेक्स. लेटेक्सला सुई लावली की प्रत्येक भोकापासून फाट सुरू होते, कारण रबराला धागे नाहीत, फाट अडवायला काही नाही. ताण आला की भोकामागून भोक उसवत कागदाच्या तिकिटासारखं निघून येतं. म्हणून लेटेक्स चिकटवतात: दोन्ही कडा द्रावकाने पुसायच्या, रबराचा डिंक दोन्हीकडे पातळ लावायचा, गुंडाळलेल्या कडा सुकून पुन्हा सपाट झाल्या की त्या एकमेकींवर साधारण एक सेंटिमीटर चढवून रोलरने दाबायच्या. घाई केली तर आत बुडबुडा राहतो आणि सांधा तिथेच सुटतो. तेव्हा त्या पोशाखावरचे ते पांढरे ओबडधोबड टाके निव्वळ शोभेचे आहेत, त्यांच्यावर कसलाही भार नाही. तरीही ते दृश्य खोटं वाटत नाही, कारण आपण टाके पाहतच नाही, तिचे हात पाहतो. अंगुस्तानांना टोकं लावून नख्या करणारी बाई पाहतो.

आणि त्याआधीचं ते भिंतीवरचं निऑन. गुलाबी अक्षरांत पाहुण्याचं स्वागत लिहिलेलं. ती तोडफोड करते त्यात 'ओ' आणि 'टी' ही दोनच अक्षरं फुटतात आणि उरतं ते 'इथे नरक आहे' असं. पुढे काही बोलायची गरजच उरत नाही. पटकथा डॅनियल वॉटर्सची. डॅनी एल्फमनने तिच्यासाठी व्हायोलिनच्या वरच्या पट्टीत घसरणारी मींड ठेवलीय, कॅटवूमन पडद्यावर असली की ती वाजते, पार्श्वसंगीत ऐकताना लक्ष ठेवा.

कडकलक्ष्मी

पोशाखाचं झालं, चाबकाबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहिते.

चाबकाला चार भाग: मूठ, विणलेली निमुळती वादी, तिच्या टोकाला एकेरी चामड्याची पट्टी, आणि तिला बांधलेला नायलॉनचा किंवा रेशमाचा छोटा गोंडा. आवाज चामड्यावर चामडं आपटून येत नाही. मुठीकडून सोडलेला वळसा टोकाकडे पळतो, वादी निमुळती होत जाते तसं वस्तुमान घटतं आणि वेग वाढतो. शेवटी तो ध्वनीच्या वेगापुढे, म्हणजे सेकंदाला साधारण 340 मीटरच्या पुढे जातो, आणि कडाका फुटतो. पोतराजाचा कोरडा वाजतो तोही याच कारणाने. म्हणून गोंडा झिजला की चाबूक मुका होतो, आणि नवशिक्यांना वाटतं आपलाच हात चुकतोय.

फायफरला अँथनी डी लाँगिसने शिकवलं. दुकानातल्या चार पुतळ्यांची मुंडकी एकापाठोपाठ उडवण्याचं दृश्य तिने स्वतः, एका सलग शॉटमध्ये केलं आहे. पडद्यामागची फीत उपलब्ध आहे, शेवटच्या मुंडक्यानंतर सेटवरच्या लोकांनी टाळ्या वाजवलेल्या ऐकू येतात. अवघड काय आहे, तर अंतर. मुंडकं उडवायचं तर टोकाने मारून चालत नाही, टोकात वेग असतो पण वजन नसतं, ते नुसतं चाटून जातं. टोकाच्या जरा मागचा भाग लागला पाहिजे. चार पुतळे चार अंतरांवर, म्हणजे प्रत्येक फटक्याआधी पायाने जागा बदलायची. तेही उंच टाचेवर, लेटेक्समध्ये आणि मुखवट्याने बाजूची नजर कापलेली असताना. त्यानंतर त्याच चाबकाने दोरीवरच्या उड्या.

आणि पक्षी. जिवंत पक्षी तिने खरोखर तोंडात ठेवला होता, कॉम्प्युटरची करामत नाही.

वाकडी_शेपटी

टाकेटिपेताई, पोशाखावर एवढा भार टाकू नका. कापड कितीही भारी असो, ती काय चोरते ते बघा, पात्र तिथेच कळतं. कॅटवूमन मुळात चोर आहे, आणि 1992 ची कॅटवूमन काहीच चोरत नाही! मालकाचं दुकान उडवते, पण एक बांगडी उचलत नाही. ती सूडकथा आहे, चोरीची कथा नाही. फायफरमुळे आपण ते माफ करतो.

2004 चं बघा. हॅले बेरीची पेशन्स फिलिप्स दागिन्यांच्या दुकानात जाते, चोरांना बडवते, माल उचलते आणि सकाळी पश्चात्ताप होऊन पिशवीवर 'सॉरी' लिहून परत देते. तीच पोलीस अधिकाऱ्याला कॉफीच्या कपावरही 'सॉरी' लिहून देते, आणि तो दोन्ही अक्षरं जुळवून बघतो. म्हणजे नायिकेची चोरी हा कथेत फक्त हस्ताक्षर तपासायचा पुरावा. चोरीत तिला मजा येते की लाज वाटते हे चित्रपटाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

रीळवाला

2004 का फसला, याचं कारण 1992 मध्येच आहे. 'रिटर्न्स'ने जगभरात साधारण 26.6 कोटी डॉलर केले, पण 1989 च्या चित्रपटाने 41 कोटी केले होते. शिवाय मुलांच्या जेवणाच्या डब्यांसोबत या चित्रपटाची खेळणी वाटली गेली आणि एवढ्या काळोख्या चित्रपटाची खेळणी मुलांना कशी, म्हणून पालक खवळले. दिग्दर्शक टिम बर्टन गेला, शूमाखर आला. वॉटर्सने स्वतंत्र कॅटवूमनची पटकथा जून 1995 मध्ये, नेमकी 'बॅटमॅन फॉरएव्हर' लागला त्याच दिवशी, जमा केली. ती पडून राहिली. नायिका बदलत गेल्या, अ‍ॅशली जडचंही नाव लागलं होतं. चित्रपट निघाला तेव्हा त्यात ना बॅटमॅन, ना त्याचं शहर गॉथम, ना सेलिना काइल. कथा आणि पटकथा मिळून चार लेखकांची नावं. दिग्दर्शक पितोफ हा मुळात दृश्यपरिणामांचा माणूस.

बास्केटबॉलचं दृश्य एकदा आवाज बंद करून बघा. चेंडू कोणाच्या हातात आहे, बास्केट कोणत्या बाजूला आहे, काहीच हाती लागत नाही, कारण कॅमेरा सतत बाजू बदलतो आणि शॉट एवढे तोकडे की एकही हालचाल सुरू होऊन संपत नाही. मांजर म्हणजे संथपणा आणि मग एकदम झेप, इथे संथपणाच कापून टाकला. छपरांवर धावणारी आकृती संगणकातली आहे, आणि तिला वजन नाही. पाय टेकतो तेव्हा गुडघा दबत नाही.

टाकेटिपे

आणि पोशाख! (सोडणार नाही.) फाडलेली चामड्याची विजार, वर ब्राएवढाच तुकडा, बोटं उघडी टाकणाऱ्या टाचेच्या सँडल. अँगस स्ट्रॅथी हा 'मुलाँ रूज'साठी ऑस्कर मिळालेला माणूस, त्याला अक्कल नव्हती असं नाही. पण छपरावरून उडी मारणारीची बोटं उघडी ठेवली की स्टंटवाली पूर्ण ताकदीने पडू शकत नाही, आणि कातडी एवढी उघडी की आतून संरक्षणाच्या पट्ट्या घालायला जागाच नाही. मग ती दृश्यं संगणकाकडे जाणारच. वाकडी_शेपटी, हा तुमच्या आणि माझ्या मुद्द्याचा सांधा आहे बघा.

बेरीचं मात्र कौतुक. 10 कोटी डॉलर खर्चाचा चित्रपट जगभरात साधारण 8.2 कोटींवर थांबला, सर्वात वाईट अभिनेत्रीचा रॅझी मिळाला, तर 2005 मध्ये स्वतः मंचावर जाऊन, दुसऱ्या हातात स्वतःचं ऑस्कर धरून तिने तो घेतला.

वाकडी_शेपटी

सांधा मान्य, पण 2012 ला मी जिंकणार. 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये तिला एकदाही कॅटवूमन म्हणत नाहीत. अ‍ॅन हॅथवे पहिल्याच दृश्यात मोलकरणीच्या वेशात वेनच्या आईची मोत्यांची माळ उचलते, आणि ती उघड चोरी ही मागच्या चोरीवरचं पांघरूण असते. खरी चोरी ब्रूसच्या बोटांच्या ठशांची. ते ठसे पुढे शेअर बाजारात त्याला कंगाल करायला वापरले जातात. मोबदल्यात तिला हवं काय, तर जगातल्या सगळ्या नोंदींमधून स्वतःचं नाव पुसणारा प्रोग्रॅम. चोर आहे, आणि तिला चोरायचा आहे स्वतःचाच भूतकाळ. याहून नेमकी चोरी कोणत्याच आवृत्तीत नाही.

बारमधलं दृश्य घ्या. गोळीबार चालू असताना ती थंड डोक्याने माणसं लोळवते, पोलीस दार फोडून आत येतात त्या क्षणी घाबरलेल्या बाईसारखी किंचाळायला लागते, आणि ते पुढे सरकले की चेहरा पुन्हा कोरा. पोशाख नाही. त्या क्षणी ती साध्या काळ्या झग्यात आहे.

टाकेटिपे

झग्यात आहे म्हणूनच जमतं! पण ठीक. त्या चित्रपटातला सूट लिंडी हेमिंगचा: पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं स्पँडेक्स, दोन पदरी, वर षटकोनांची उठावदार नक्षी. नक्षीमुळे उजेड तुटतो, लेटेक्ससारखा एकच चकचकीत पट्टा येत नाही. म्हणून दिग्दर्शक नोलन तिला भरदिवसा रस्त्यात उभी करू शकला. मोठ्या चाकांच्या त्या बॅटपॉडवर (बॅटमॅनच्या मोटरसायकलवर) पोटावर आडवं होऊन बसावं लागतं. चालवण्याचे स्टंट जोलीन व्हॅन व्हग्टचे. लेटेक्समध्ये तशी मांडी पसरून वाकली असती तर पहिल्याच वळणावर पाठ फाटली असती.

काळा_बोका

2022 चा 'द बॅटमॅन' राहिला. झोई क्रॅव्हिट्झ. (लेगोच्या 2017 च्या चित्रपटात आवाजही तिचाच.) पोशाख जॅकलिन डुरानचा, आणि तो 'पोशाख' नाहीच. मोटरसायकलचं जाकीट-विजार आणि डोक्यावर माकडटोपी, तिच्या वरच्या कडा दुमडून आपोआप दोन टोकं झालेली. ठरवून कान केलेले नाहीत. घरफोडी करणारीकडे असेल तेवढंच सामान.

वाकडी_शेपटीचा मुद्दा इथेही लागू. महापौराच्या घरातली तिजोरी फोडून ती घेते काय, तर मैत्रीण अ‍ॅनिकाचा पासपोर्ट. पैसा नाही. पुढे पैशांच्या बॅगा हाती येतात तेव्हा त्याच गाडीच्या डिकीत अ‍ॅनिकाचं प्रेत सापडतं. मारामारीही कापडाशी जुळलेली. पाय जास्त, मुठी कमी, खाली बसून गरागरा फिरणं. जाड जाकिटात आतून पट्ट्या घालता येतात, त्यामुळे जमिनीवर पडणं खरं दिसतं. तिजोरीजवळची तिची आणि बॅटमॅनची झटापट बघा, तो चिलखतात हळू, ती त्याच्या भोवती.

नवशिका_भोपळा

मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचं असेल तर यातलं काय झेपेल? हॅथवेचा गॉगल वर केला की कान होतात, ते कसं करायचं?

टाकेटिपे

लेटेक्स विसरा. मुंबईच्या दमटपणात दोन तास निघत नाहीत, आणि तेलकट क्रीम लावलेल्या हाताचा स्पर्शही रबर सडवतो. सगळ्यात सोपी 2022 ची. काळी सुती माकडटोपी, वरच्या दोन्ही कडा आतून हाताने टाचून टोकं काढा. आत फोम घालू नका, घातला की खेळण्यातली मांजर दिसते.

हॅथवेसाठी चार बाजूंनी ताणणारं काळं पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचं कापड घ्या, एकाच बाजूने ताणणारं असेल तर गुडघ्यात बसताना उसवेल. सुई बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच, टाका बारीक झिगझॅग. पायाखाली कापड चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय लावा, नाहीतर कापडावर बटरपेपर ठेवून शिवा आणि मग फाडा. एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून टाचण्या नकोत, क्लिपा वापरा.

गॉगलचे कान: धातूचा केसांचा बँड घ्या. गॉगलच्या दोन्ही बाजूंना बिजागरी, गॉगलच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यांना 5 मिमी ईव्हीए फोमची टोकं. गॉगल वर केला की ती टोकं कानांसारखी उभी राहतात. हमखास बिघडतं ते बिजागरीत. स्क्रू चार वेळा उघडझाप केला की ढिला होतो आणि गॉगल आपोआप नाकावर येतो. साधा नट न लावता आत नायलॉनची कडी असलेला लॉक नट लावा, मध्ये एक रबरी वॉशर. तो एवढाच आवळा की बोटाने हलेल पण वजनाने नाही.

आणि परत आल्यावर सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवू नका. पीयूचा थर दमटपणात हळूहळू सडतो, घडीवर आधी भेगा पडतात, मग रेक्झिनसारखे पापुद्रे निघतात. आतून घाम पुसा, सावलीत वाळवा, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा.